आई बासरीवाल्याशी काय बोलली

सांता ब्रीहिदा,
२७ मार्च २०२३

प्रिय लुचो,

हे पत्र घेऊन जो माणूस तुझ्या दारात उभा राहील त्याचं नाव डोनल. उंच आहे, कान मोठे आहेत आणि खांद्याला बासरीची लांबट पेटी असते. त्याला दारातूनच वाटेला लावू नकोस. आत बसव, चहा दे. पत्र मात्र तो गेल्यावर वाच. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं असं तुला वाटेल, पण आपल्या फोनची तऱ्हा तुला ठाऊक आहे. तू हवामान विचारतोस, मी हवामान सांगते. मग तू विचारतोस, आई कशी आहे? मी म्हणते, तशीच. आणि दोघंही सुटल्यासारखा फोन ठेवतो. या वेळी मला सुटायचं नाही, आणि तुलाही सुटू द्यायचं नाही.

आधी जत्रेची बातमी. यंदा आपल्या आयरिश क्लबाला शंभर वर्षं झाली. म्हणून सेंट पॅट्रिकचा सण नेहमीसारखा चहा-पोळीवर न उरकता मोठा करायचा, थेट आयर्लंडहून वादक बोलवायचे, असं म्हाताऱ्या एदेल्मिरो बॅलेस्टीनं ठरवलं. एदेल्मिरो तुला आठवत असेलच. चौऱ्याऐंशीचा झाला, अजून अध्यक्ष तोच. जन्मात आयर्लंडला गेलेला नाही, पण तिथून आलेल्या माणसाला तिथल्या रस्त्यांची नावं तोच शिकवतो. क्लबाच्या फाटकावर त्यानं आयरिश भाषेत स्वागताचं भलंमोठं फलक लावलं होतं. रंगारी आपला पेराल्ता. त्यानं अक्षरं कुठल्या कागदावरून उतरवली देव जाणे. पाहुणे बसमधून उतरले, फलकासमोर बराच वेळ उभे राहिले, आणि शेवटी त्यांच्यातल्या एकीनं अदबीनं विचारलं, "हे स्पॅनिश का?" एदेल्मिरो म्हणाला, "छे, तुमचीच भाषा. विसरलात वाटतं!"

नाचाला बावीस मुली होत्या. तू गेलास तेव्हा नाचणाऱ्या सगळ्या गाहान, कॅसी, डिलन असायच्या. आता निम्म्या इटालियन आडनावांच्या आहेत, आणि सगळ्यांत उंच उडी मारते ती कापडवाल्या लेबनीज कुटुंबातली. हिरवे कशिद्याचे झगे, डोक्यावर कुरळ्या केसांचे टोप, हात बाजूला काठीसारखे ताठ, आणि वर मार्चचं आपलं ऊन. एकीचा टोप मधेच उडाला आणि गवतावर मांजरीसारखा पडला. पोरगी थांबली नाही की हसली नाही, त्याच्या भोवतीनं नाचत राहिली. त्या टाळ्या अजून माझ्या कानांत आहेत. पलीकडे, पापा आज असते तर त्यांच्या वयाचे, बास्क वंशाचे चार म्हातारे निखाऱ्यांवर मांस भाजत बसले होते आणि अंगाला धूर लागलाच तर आयरिश धूर म्हणून लागू दे, असं म्हणत होते. एका टेबलावर चहाची किटली, शेजारी आपल्या कडू मातेचा पेला, मधे सोड्याचा पाव. आपलं गाव जसं आहे तसं.

आईला मी नेणार नव्हते. जुलैपासून तिची काय अवस्था आहे ते तुला कळवलंच होतं. सकाळी कोंबड्यांना दाणे टाकताना ती खाली बसली ती उठलीच नाही. मेंदूत गुठळी. पाय हळूहळू सुधारले, उजवा हातही थोडा वळू लागला, पण तोंडातून शब्द नाही. डॉक्टर तिच्यासमोर किल्ली धरायचे, चमचा धरायचे. "आजी, हे काय आहे? सांगा बघू." आई चमच्याकडे बघायची, डॉक्टरांकडे बघायची, आणि ओठ घट्ट मिटून घ्यायची. त्या मिटण्याकडे कुणी नीट पाहिलं नाही. मीही नाही. वाचा गेली, असं त्यांनी कागदावर लिहिलं आणि मी तेच तुला लिहिलं. त्यावर तुझं उत्तर आलं, "बोलताच येत नसेल तर मी येऊन काय करू? बोलता येत होतं तेव्हा तरी ती माझ्याशी कुठं बोलली?" त्या उत्तराबद्दल मी तुला दोष दिला नाही लुचो. मी ते तीनदा वाचलं आणि भांडी घासायला गेले. कारण खोटं काहीच नव्हतं त्यात.

ती पूर्वी कशी होती हे तुला जितकं आठवतं तितकं मला आठवत नाही. तुझ्या-माझ्यात अकरा वर्षांचं अंतर. माहेरी, गाहानांच्या मळ्यावर, सहा वर्षांची होईपर्यंत तिनं स्पॅनिश ऐकलीच नव्हती, हे ती सांगायची. तिच्या आजी-पणजीनं आयर्लंडातल्या वेस्टमीथहून आणलेली इंग्रजी हीच तिची बोली. पापांना त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. "माझ्या घरात दोन परदेशी राहतात," असं ते तुम्हा दोघांना म्हणायचे आणि हसायचे. ती दूध काढताना गायची आणि गोठ्याच्या दुसऱ्या टोकाहून तू पुढची ओळ उचलायचास. एवढंच चित्र माझ्याजवळ आहे. मग ब्याऐंशी साल आलं.

तू एकोणीस वर्षांचा होतास. सक्तीच्या भरतीतून तुला इंग्रजांशी लढायला माल्विनास बेटांवर पाठवलं, आणि ज्यांच्याशी लढायचं ते बोलणार आईचीच भाषा. जूनच्या शेवटी तू परतलास तेव्हा मी स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली बसले होते. मोठ्या माणसांचे नुसते पाय दिसत होते. तुझे पाय मी ओळखले नाहीत, कारण बुटांतून सुजून बाहेर आले होते. पापा मोठ्यानं रडले. तू कैदेत होतास, तिथं इंग्रज डॉक्टरला दुभाष्या म्हणून तू मदत केलीस आणि त्यामुळे चाको प्रांतातल्या एका पोराचा पाय कापायचा वाचला, हे तोवर गावभर झालं होतं. आणि दारूच्या गुत्त्यात कुणीतरी म्हणालंही होतं, "आला बरं का इंग्रजांचा पोपट." क्लबाच्या दाराला डांबर फासलं ते त्याच आठवड्यात. गुत्त्यातलं तू सोसलं असतंस. पण घरात आलास, आईकडे वळलास आणि तिच्या भाषेत दोन-तीन शब्द बोललास. आईनं तुझ्या गालाला हात लावला, असं पापा नंतर सांगायचे, आणि स्पॅनिशमध्ये म्हणाली, "या घरात ती भाषा पुन्हा नको." तुझे पाय तिथंच उभे राहिले. बराच वेळ. मग ते बाहेर अंगणात गेले.

त्या दिवसापासून तिनं ती भाषा तोंडात घेतली नाही. गाणंही नाही. देवळात सगळे गायचे तेव्हा ती पुस्तक उघडून उभी राहायची. मला शिकवायचं होतं ते राहूनच गेलं. दोन वर्षांनी तू आयर्लंडला गेलास, घोड्यांच्या तबेल्यात कामाला लागलास, लग्न केलंस. मग नव्व्याण्णव साली तू तुझ्या लेकीला, ईफाला, घेऊन आलास. सहा वर्षांची, दात पडलेला, आणि येत होती फक्त इंग्रजी. ती पळत आजीकडे गेली, तिचा हात धरून काहीतरी मोठी गोष्ट सांगायला लागली. आईनं हात सोडवून घेतला, तोंड फिरवलं आणि आत निघून गेली. पोरगी तुझ्याकडे वळून बघत राहिली. दुसऱ्या दिवशी तू सामान भरलंस. निघताना मला म्हणालास, "माझी लाज वाटते तिला, ठीक आहे. पण लेकराचीही?" त्यानंतर तू आला नाहीस.

तर जत्रेच्या सकाळी एदेल्मिरो घरी आला. मी म्हटलं, "आईला गर्दी सोसायची नाही." तो कंबरेवर हात ठेवून उभा. "क्लबाची शंभरी, आणि रोसालिया गाहान घरी कोंबड्या मोजत बसणार? अगं, तिच्या बापानं या क्लबाच्या विटा पाठीवर वाहिल्यात. चाकाची खुर्ची मी ढकलतो." त्यानं खरंच ढकलली, वाटेत दोनदा दम खात. मी तिला निळा झगा घातला, केस बांधले, मांडवाच्या कडेला सावलीत बसवलं. नाच झाले, भाषणं झाली, वकिलातीचा संदेश कुणीतरी वाचला, जेवणं झाली. आई समोर बघत बसली होती, ओठ मिटून.

दुपारी चारचा सुमार असेल. मंचावर तारा जोडण्याचं काम चाललं होतं, म्हणून वादक पांगले होते. डोनल आमच्या शेजारच्या बाकावर येऊन बसला आणि कुणासाठीच नव्हे अशी बासरी वाजवू लागला. काळ्या लाकडाची, साधी. चाल संथ होती. मी आईसाठी चहा आणायला गेले होते. परतले तर आईनं मान पूर्ण वळवली होती आणि ती त्याच्याकडे बघत होती. माणूस तुझ्याच वयाचा, उन्हानं लाल झालेला, आणि कान, काय सांगू, थेट पापांचे. तिचा उजवा हात खुर्चीवरून उठला. आणि ती बोलली. घशातून आवाज काढणं नव्हे, एक पूर्ण वाक्य, स्पष्ट, शेवटी प्रश्न असलेलं. मला त्यातला शब्द कळला नाही. मी चहा हातात घेऊन तशीच उभी राहिले. डोनलनं बासरी खाली केली आणि उत्तर दिलं. तिनं मान हलवली, पुन्हा तेच विचारलं. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, मग बाक उचलून तिच्यासमोर आणून ठेवला आणि गुडघ्याला गुडघा लावून बसला.

मी धावत जाऊन ओफेलियाला ओढून आणलं. ओफेलिया शाळेत इंग्रजी शिकवते, पाहुण्यांची दुभाषी तीच होती. ती वाकून ऐकू लागली आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "ही कुठली इंग्रजी?" डोनल आईवरची नजर न हलवता म्हणाला, "माझ्या आजीची. असं बोलणारी आमच्याकडची शेवटची माणसं मी लहान होतो तेव्हा गेली. तुमच्या गवताळ रानात ही बोली राहिली कशी?" मग ओफेलिया माझ्या कानात सांगू लागली. "ती म्हणते, किती वाळलास. म्हणते, तिथं खायला घालत होते का तुला. पाय बघू म्हणते." मग ती माझ्याकडे वळली. "देल्फी, ती त्याला लुसियो म्हणतेय." डोनलनंही ते ऐकलं. त्यानं हळूच विचारलं, "लुसियो कोण?" मी म्हटलं, "तिचा मुलगा. तुमच्याच देशात असतो." त्यानं मान डोलावली. मी लुसियो नव्हे, असं तो म्हणाला नाही. त्यानं बूट काढला आणि तिला पाय दाखवला.

आता जे लिहिते ते ओफेलियानं मला सांगितलं, संध्याकाळी तिलाच मधे बसवून डोनलकडून मी पुन्हा एकदा शब्द न् शब्द सांगून घेतलं आणि त्याच रात्री उतरवून ठेवलं. आई म्हणाली, "तू त्या बेटांवर होतास ना, तेव्हा मी देवमातेसमोर गुडघे टेकले. म्हटलं, बाई, तुला द्यायला माझ्याकडे सोनं नाही. जमीन नवऱ्याची, गाई नवऱ्याच्या. माझं स्वतःचं म्हणावं असं एकच आहे, माझी बोली आणि माझी गाणी. ती तुला वाहिली. पोरगं परत दे, मी पुन्हा त्या भाषेत तोंड उघडणार नाही. आणि दिलं रे तिनं तुला! दारात उभा राहिलास आणि नेमकी त्याच बोलीत मला हाक मारलीस. मला वाटलं, ही परीक्षा आहे. उत्तर दिलं असतं तर तिनं तुला माघारी ओढून नेलं असतं. तूही बोलू नकोस म्हटलं, कारण तू बोललास की माझ्या जिभेवर उत्तर येणारच. नवस बोलून दाखवला की फुकट जातो, आमची आजी म्हणायची. म्हणून कुणाला सांगितलं नाही. तुझ्या बापालाही नाही. तुझा चेहरा पडलेला मी बघितला. म्हटलं, पडू दे. पडायला चेहरा तर आहे!"

ओफेलियाचं दुभाष्याचं काम इथं संपलं, कारण ती रडायला लागली. मी तिचा दंड धरून हलवत होते, "सांग ना, पुढं काय म्हणते?" पुढं आई म्हणाली, "आता मला दुसरी बोली सापडत नाही. सकाळी उठते, शोधते, नाही सापडत. पोरगी बोलते, डॉक्टर बोलतो, नुसता पाण्याचा आवाज येतो. उरली आहे ती वाहिलेली. देवाला दिलेली वस्तू आपण कशी वापरायची? म्हणून गप्प बसले. पण आता तूच आलास, तर तुला विचारते. एवढं पुरे झालं का रे?"

आठ महिने, लुचो. आठ महिने मी तिच्या तोंडात चमचा घालत होते आणि मला वाटत होतं, आत कुणी उरलेलं नाही.

डोनलनं तिचा उजवा हात आपल्या हातात घेतला. मग तो म्हणाला, "पुरे झालं, आई. कधीच फिटला नवस. मी सुखरूप आहे." आई म्हणाली, "मग गाऊ?" तो म्हणाला, "गा की." आता ती एखादं रडवणारं गाणं गाईल असं मला वाटलं होतं. तिनं काय गावं? बकरी विकायला बाजारात गेलेल्या एका माणसाचं गाणं. तो बकरी विकतो, त्या आनंदात वाटेवरच्या दर तिसऱ्या दाराशी पितो, आणि घरी पोचतो तर बकरी त्याच्या आधी येऊन चुलीशी बसलेली. आवाज जुन्या बिजागरीसारखा करकरत होता, श्वास पुरत नव्हता, पण बकरीची नक्कल तिनं सोडली नाही. आधी पाहुणे हसले, कारण कळत होतं त्यांनाच. मग त्यांना बघून सगळा मांडव हसायला लागला. एदेल्मिरो तर डोळे पुसत हसत होता आणि शेजाऱ्याला, "मला येतं हे, मला येतं," असं सांगत होता. त्याला येत नव्हतं. डोनल म्हणाला की त्याच्या आजीला याची दोनच कडवी आठवायची, बाकीची हरवली असं सगळे समजत होते. आईला पाच येतात. शंभर वर्षं आम्ही या क्लबात आयर्लंड जपतो म्हणून मिरवत होतो, लुचो, आणि ते आमच्या घरात ओठ मिटून बसलं होतं.

पण आई ती आईच. संध्याकाळी घरी आल्यावर तिच्या मनात पुन्हा शंका. डोनल तिला सोडायला आला होता, त्याला म्हणाली, "तू सांगून काय होतंय? नवस सोडवायचा तर पाद्री पाहिजे." आपले पाद्री एझेकिएल चाळिशीचे, इंग्रजीचा गंध नाही. ते म्हणाले, "मी सोडवतो, पण त्यांना माझं बोलणं कळायला नको का?" मग रविवारी दुपारभर डोनल त्यांना देवळाच्या मागच्या खोलीत एक वाक्य शिकवत बसला. ओफेलिया उच्चार सुधारायला गेली तर डोनलनं तिला गप्प केलं, "सुधारू नका हो, बिघडलेलंच बरोबर आहे." पाद्री आले, आईच्या डोक्यावर हात ठेवला आणि घाम पुसत ते वाक्य म्हणाले. की तुझा नवस देवानं स्वीकारला, आणि वाहिलेलं तुला प्रसाद म्हणून परत दिलं. आईनं क्रूसाची खूण केली. मग डोनलकडे वळून म्हणाली, "या बिचाऱ्याला बोलायला शिकवलं कुणी?"

पाहुणे मग रोसारियोला, कोर्दोबाला कार्यक्रम करायला गेले. डोनल आज बसनं एकटाच परत आला, निरोप घ्यायला. आईनं त्याला जवळ बोलावून बराच वेळ निरखलं आणि म्हणाली, "तू माझा लुसियो नाहीस. पण ऐकतोस चांगलं." त्यानं कबूल केलं, माफी मागितली. ती म्हणाली, "बस. तुझ्या आजीचं नाव काय?" ते दोघं आत्ता अंगणात आहेत. मी खिडकीपाशी बसून हे लिहिते आहे. मघाशी तो आत येऊन ओफेलियाकरवी मला म्हणाला, "मी तुमच्या भावाच्या नावानं बोललो. एका दिवसापुरतं ठीक होतं. पण त्या तिच्या मुलाला उद्देशून बोललेल्या गोष्टी होत्या, त्या माझ्याजवळ ठेवता यायच्या नाहीत. पत्ता द्या, मी स्वतः नेऊन देतो." म्हणून हे पत्र.

आणखी एक आहे, ते लिहिल्याशिवाय पाकीट बंद करता येणार नाही. नव्व्याण्णव साली ईफाला सोडून आई आत गेली तेव्हा मी तिच्या मागोमाग गेले होते. कोठीच्या दाराआड ती उभी होती, अ‍ॅप्रनचा बोळा करून दातांत घट्ट धरलेला, आणि सगळं अंग गदगदत होतं. लाज वाटणारी बाई अशी उभी राहत नाही. एवढं मला तेव्हाही कळलं होतं. मी तुला ते सांगितलं असतं तर तू कदाचित सामान भरलं नसतंस. मी सांगितलं नाही. मला राग होता तुझा. तू निघून जाऊ शकलास आणि मागे राहिले मी. म्हटलं, याला वाटू दे काय वाटायचं ते. चोवीस वर्षं मी ते तसंच वाटू दिलं. आईनं गप्प बसण्याला निदान कारण होतं.

आता मी हे पत्र का लिहिलं ते. आई दिवसभर बोलते, लुचो. सकाळी उठल्यापासून. मळ्याबद्दल बोलते बहुतेक, तिच्या आईबद्दल, कदाचित पापांबद्दल. मधेच हसते, मधेच माझ्याकडे बघून थांबते, मी काही म्हणावं म्हणून. मी नुसती मान हलवते. माझ्याजवळ त्या भाषेतलं आठ वर्षांच्या मुलीपुरतंच आहे. हात धू, इकडे ये, झोप आता. डॉक्टर म्हणतात, पुन्हा गुठळी येईल, कधी ते सांगता येत नाही. ती तिचा सगळा जन्म सांगते आहे आणि या घरात तो ऐकणारं कुणी नाही. परवापासून डोनलही नसेल. ओफेलिया शाळा सुटल्यावर येते, पण तिलाही निम्मं कळत नाही. तुला सगळं कळेल. ईफाला घेऊन आलास तर तिलाही. रोज सकाळी केस विंचरताना आई मला एक प्रश्न विचारते, आणि तेवढा एकच मला पूर्ण कळतो, कारण लहानपणी तो मला दिवसातून दहादा विचारला जायचा. "तुझा भाऊ कुठं आहे?" त्याचं उत्तरही मला येतं, एका शब्दाचं. "येतोय." गेले नऊ दिवस मी तिला तेच सांगते आहे. मला खोटी पाडू नकोस.

तुझीच,
देल्फी